चारुदत्त डच तोडतो

चारुदत्तला डच भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि चांगी बिझनेस पार्कमधल्या त्याच्या अख्ख्या ऑफिसात डचवर त्याचाच शब्द शेवटचा! आहे की नाही मजा?

कंपनी यंत्रांना बोलायला शिकवायची. डच लोकांना तीन-चार शब्द एकमेकांना चिकटवून एकच लांबलचक शब्द करायची भारी हौस. चारुदत्तने आधी त्यातला सांधा शोधायचा, मग अक्षरं तोडायची, मग जोर कुठे द्यायचा तिथे खूण करायची. बहुतेकदा जोर अगदी सुरुवातीला, पण नेहमी नाही, आणि त्या 'नाही'तच गड्याची हुशारी. लहानपणी पाढे म्हटले तसा टेबलावर बोट आपटत तो शब्द घोकायचा. अर्थाच्या भानगडीत कधी पडला नाही. "अर्थ बघत बसलो तर दिवसाला चारशे शब्द कोण तोडणार, तुझा काका?" असं बायकोलाच, क्षिप्रालाच, ऐकवायचा.

पुढच्या महिन्यात त्याचा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे परक्या देशात नोकरी करायचा परवाना, संपत होता. तो वाढला नाही तर बिऱ्हाड गुंडाळून मायदेशी परतायचं, तेही लेकीच्या, वल्लरीच्या, परीक्षेच्या तोंडावर. म्हणून हेड ऑफिसची डच बाई येणार त्या दिवशी क्षिप्राने त्याच्या हातावर दही ठेवलं.

बाईंनी टेबलावर एक कागद ठेवला. "याची इंग्रजी प्रत अजून आली नाही. कसं सांगू..." त्या चाचरल्या.

ही तर आपली परीक्षा! चारुदत्तने कागद उचलला, घसा खाकरला आणि जो सुटला! मध्येच 'ऑन्टस्लाखब्रीफ' आला. ऐऱ्यागैऱ्याने 'ऑन्ट'वर जोर दिला असता. याने बोट आपटून 'स्लाख'वर दिला. शेवटच्या ओळीपर्यंत कुठे अडखळला नाही. शेजारी बसलेला मॅनेजर निशिकांत बूट बघत राहिला. बाईंचे डोळे भरले होते.

"आवडलं ना?" चारुदत्त खुलला. "मग माझ्या पासचं तेवढं बघा."

"फार सुंदर वाचलंत," बाई म्हणाल्या. "पण 'ऑन्टस्लाखब्रीफ' म्हणजे नोकरीवरून काढल्याचं पत्र. हे तुमचंच आहे. तुमचं काम आता यंत्रच करतं. तुम्हीच शिकवलंत त्याला."

चारुदत्तने उभ्यानेच कागदावरच्या ओळींवरून पुन्हा बोट फिरवलं.

"एकही जोर चुकला नाही?"

"एकही नाही."

"बघा," तो निशिकांतला म्हणाला, आणि खुर्चीत बसून सगळ्यांदेखत रडला.