फोटोतला धूर

सकाळी आमच्या वाडीत नवीन पनवेलच्या एका संस्थेच्या दीपा मॅडम आल्या. "जनीताई, चूल सोडा. जंगल संपतंय, धुरानं छाती खराब होते," असं सांगून गेल्या. माझी गॅसची टाकी कवापासून रिकामी हाय, तिच्यावर कोंबडी बसते. ती भरून कोण देणार, ते काय बोलल्या नाय.

दुपारी त्याच बाई 'चुलीवरचं मटण'वाल्या हॉटेलात आल्या. तिथं भाकऱ्या मीच भाजते, लाकडं बी आमच्याच डोंगरातली. मला ओळखलं नाय. मोबाईल धरून म्हणाल्या, "मावशी, जरा धूर होऊ द्या ना, फोटोत मस्त दिसतो."

माझं डोकंच फिरलं. मी ओलं लाकूड चुलीत सारलं. बाई डोळे चोळत खोकायला लागल्या.

मी म्हणलं, "खोका बाई, खोकला फोटोत दिसत नाय."