बाबांच्या पायाशी आलेली जमीन

पलीकडच्या काठावर ही झुंबड उडाली होती! नदीने तिथे बसलेल्या साधूबाबांच्या झोपडीपुढे आणखी हातभर जमीन आणून टाकली होती. बाबा डोळे मिटून म्हणाले, "आम्ही मागत नाही. ती देते." फुकटची जमीन डोळे मिटूनही दिसते म्हणायची.

अलीकडच्या काठावर शिंपीणबाईच्या घरामागची जमीन मात्र रोज ढासळत होती. शिलाई मशीनच्या खोलीची भिंत कधी नदीत जाईल याचा नेम नव्हता.

"अहो, निदान सामान तरी हलवू या," ती कळवळून म्हणाली.

"आणि बाबांना काय वाटेल?" सुतार नवरा म्हणाला. तो पुरता बाबांच्या भजनी लागला होता. काठावरची झुडपं मुळासकट उपटून त्याने बाबांच्या कुंपणाला वाहिली होती. माती धरून ठेवणारं तेवढंच काय ते होतं, तेही गेलं.

सुताराची बहीण शाळेत भूगोल शिकवायची. ती आली, काठ पाहून हबकली आणि भावाच्या कारखान्यातला पोतंभर भुसा घेऊन दोघांना नदीच्या वळणावरच्या पुलावर घेऊन गेली. मागोमाग फुकटचा तमाशा बघायला गर्दी आलीच. बाबाही आले.

तिने भुसा पाण्यावर पसरून टाकला. घराच्या बाजूचा भुसा सुसाट निघाला, झोपडीच्या बाजूचा रेंगाळला.

"बघ दादा. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाणी जोरात धावतं आणि काठ खातं. आतल्या अंगाला ते मंदावतं, आणलेला गाळ पेलवत नाही, म्हणून खाली टाकतं. तिथे बाबा बसोत नाहीतर बैल बसो, जमीन वाढणारच."

"गाळही आमच्याच ओढीने येतो, बाई," बाबा हसले. उत्तर नसलं की असं हसू कामी येतं.

सुतार मात्र हरखला. त्याने हात जोडले. "मग बाबा, आमच्याकडेच राहायला चला! मशीनच्या खोलीत बसा, म्हणजे आमचाही काठ वाढेल!"

बाबांचं हसू मावळलं. "वेडा की काय तू? ती खोली आज-उद्या कोसळेल!"

सुताराचे जोडलेले हात हळूहळू खाली आले.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?" शिंपीणबाईने विचारलं. "आणि आम्हाला तिथेच राहू दिलंत?"

उत्तराला ती थांबली नाही. दिवस मावळायच्या आत नवरा-बायकोने मशीन बाहेर काढलं. पहाटे भिंत गेली. घरात कोणी नव्हतं.

नदीला भक्त कळत नाही की पापी. बाबांना ते ठाऊक होतं, म्हणून त्यांनी झोपडी बांधण्याआधी काठ पाहून घेतला होता. तुम्हीही हात जोडण्याआधी तेवढं करा.