माणशी दीडशे

आमच्या निलांबरी सोसायटीत सांडपाण्यावरून जेवढी भांडणं झाली, तेवढी पिण्याच्या पाण्यावरूनही झाली नसतील. धायरीत उतारावर बांधलेली इमारत, आणि आमचा तळमजला रस्त्यातल्या ड्रेनेज लाइनच्या खाली. घाण पाणी आपण होऊन वर चढत नाही, हे बिल्डरला इमारत उभी राहिल्यावर कळलं. मग त्याने मागच्या बाजूला एक टाकी बांधली, पंप बसवला आणि फ्लॅट विकून तो मोकळा झाला. आता पंपाचं वीजबिल, मोटार जळली की तिची दुरुस्ती, टाकीत गाळ साचला की उपसायची गाडी, असं मिळून महिन्याला सतरा हजारांच्या घरात जातं. ते अठ्ठावीस फ्लॅटमध्ये सारखं वाटून मेंटेनन्सच्या बिलात 'सांडपाणी शुल्क, रुपये सहाशे' अशी ओळ यायची.

यायची म्हणतो, कारण एप्रिलच्या सभेत नीरजाबाई उठल्या. एकशे एकमध्ये एकट्या राहतात, सोसायटीच्या खजिनदार आहेत, आणि बोलायला लागल्या की माइक लागत नाही.

"मी एकटी. माझे सहाशे. माझ्या डोक्यावर सात पोरं भाड्याने राहतात, त्यांचेही सहाशे. म्हणजे मी दिवसभर संडासातच बसून असते, असं सोसायटीचं म्हणणं आहे का?"

झालं! एकजण म्हणाला, फ्लॅटच्या क्षेत्रफळावर घ्या. दुसऱ्याने संडास मोजायला सांगितले. हिंजवडीच्या कंपनीतल्या एका तरुणाने प्रत्येक पाइपला सेन्सर लावायची कल्पना काढली, तेव्हा नीरजाबाईंनी त्याच्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की तो खाली बसला.

मी मागच्या खुर्चीवर होतो. मी, शरच्चंद्र खांबेटे, चौतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. दुकानदाराचा तराजू नुसता बघून किती ग्रॅमने मारतोय ते सांगायचो. पण या सोसायटीत मी सभासद नाही. चारशे दोन नंबरचा फ्लॅट माझ्या मुलाच्या, आमोदच्या नावावर आहे. माझी बायको उल्का गेली, त्यानंतर मी सहकारनगरचा आमचा फ्लॅट विकला आणि पैसे दोन्ही मुलांना निम्मे निम्मे देऊन टाकले. आमोदने त्यात भर घालून इथे घेतला, धाकट्या सलिलने वाघोलीला. मी आमोदकडे राहतो. मधूनमधून वाघोलीला जाऊन येतो. पत्ता कुणी विचारला तर मी 'निलांबरी, चारशे दोन' असंच सांगतो, आणि खरं सांगायचं तर गेल्या तीन वर्षांत मला दुसरा कुठला पत्ता उरलेलाही नाही.

तर मी उठलो आणि म्हणालो, "माणशी आकारणी करा. घरात माणसं किती, तेवढे पैसे. साधारण माणशी दीडशे पडतील."

दोन मिनिटं शांतता झाली. पुण्यात सभेत शांतता म्हणजे बहुमत. नियम लिहायचं आणि घरटी माणसं तपासायचं काम मलाच दिलं. तीन वर्षांत 'बाबा, जेवलात का' आणि 'बाबा, पार्सल घेऊन ठेवा' याखेरीज मला कुणी काही विचारलं नव्हतं. घरी आलो ते तरंगतच.

एका पानात सात नियम बसवले. त्यातल्या चौथ्यावर माझा विशेष जीव होता. नीरजाबाईंची मुलगी दरवर्षी कॅनडाहून दोन महिने येते, तिचं काय करायचं हा पेच होता. मी लिहिलं: 'जी व्यक्ती सदनिकेत सलग नव्वद दिवस राहत नाही, ती पाहुणा समजावी. पाहुण्यांची आकारणी नाही.' कुठूनही फाटे फोडायला जागा नाही. नीरजाबाई म्हणाल्या, "खांबेटे, सरकार तुमच्यासारख्यांना निवृत्त का करतं कोण जाणे." मी दोन दिवस ते वाक्य घोळवत होतो.

फॉर्म वाटले, खालच्या पेटीत जमा झाले, आणि मी तपासणीला निघालो. कुठे चपला मोजल्या, कुठे दोरीवरचे कपडे. सात पोरांनी पाच लिहिले होते. मोरीत सात टूथब्रश निघाले. एकाने सांगितलं, दोन जास्तीचे आहेत. मी म्हटलं, "दोन्ही ओले आहेत." मुकाट्याने सात केले.

दोनशे तीनमध्ये नागोराव. वाशिमकडचा माणूस, एका कारखान्यात नोकरीला. खोटं सांगतो म्हणू नका, माझा याच्यावर पहिल्यापासून संशय होता. यांच्याकडे सारखं कुणीतरी गावाहून आलेलं. पण फॉर्मवर चक्क पाच लिहिलेले. तो, बायको, दोन मुलं, आणि 'आई, मुक्ताई'. मुक्ताई समोर डोळ्याला हिरवी पट्टी लावून बसली होती.

"बसा ना जी," ती म्हणाली. "च्या घ्या."

"आई कायम इथेच असतात?" मी विचारलं.

"छे! डोयाच्या आपरेशनले आली मी. दोन महिन्यानं चालली जाईन आपल्या गावाले."

म्हणजे बिचाऱ्याने नियम वाचलेलाच नव्हता. मला भरून आलं. मी नागोरावला चौथा नियम समजावून सांगितला. दोन महिने म्हणजे पाहुणा, पाहुण्याला पैसे नाहीत, दीडशे रुपये वाचतील, मी पाचाचे चार करतो, तुम्ही फक्त सही करा.

नागोरावने सही काही केली नाही. "पाहुनी कायची? माय हाय थे माही. राहू द्या लिहेल तसंच."

मी पुन्हा समजावलं. तो हसला आणि म्हणाला, "चहा घ्या, थंडा होते." मी चहा घेतला आणि जिना चढताना म्हटलं, काय अडाणी माणसं असतात, फुकट मिळणारं सुद्धा घेता येत नाही.

शनिवारी संध्याकाळी सगळे फॉर्म टेबलावर घेऊन बसलो. दुसऱ्या दिवशी सभेत यादी वाचायची होती. आमचा स्वतःचा फॉर्म मी शेवटी ठेवला होता, त्यात काय तपासायचं? चारशे दोन. आमोदचं सुंदर अक्षर. आमोद, त्याची बायको तनया, मुलगी सलोनी. एकूण व्यक्ती: तीन.

पहिल्यांदा मला हसू आलं. पोरगा घाईत असतो, राहून गेलं असेल. मी पेन काढलं, पण नियम म्हणजे नियम. दुरुस्ती घरमालकाच्या सहीने व्हायला हवी. आमोद आणि तनया चहा घेत होते. मी फॉर्म पुढे केला.

"आमोद, एक माणूस राहिला बघ."

त्याने पाहिलं. "नाही बाबा. तुम्हाला सलिलकडे धरलंय ना."

"सलिलकडे?"

"म्हणजे, तुम्ही तिकडेही जाता ना. दोन्हीकडे कशाला भरायचे?"

हिशोब म्हणून ठीकच होतं. मी तिथूनच सलिलला फोन लावला. त्याच्या सोसायटीतही माणशीच घेतात, त्यांचा तर स्वतःचा सांडपाण्याचा प्लांट आहे. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही दादाकडे आहात ना? आम्ही दोघंच लावलंय. का हो, काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं. "नुसती चौकशी."

फोन ठेवला. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, रोज सकाळी साडेपाचला न चुकता जातो, आणि धायरीपासून वाघोलीपर्यंत अख्ख्या पुणे शहरात त्याच्या सांडपाण्याची नोंद कुठेच नाही! मी हे मोठ्याने बोललो. आमोद हसला. तनया हसली नाही, ती चांगली मुलगी आहे. ती हळूच म्हणाली, "बाबा, गैरसमज नको. तुमच्याच चौथ्या नियमात तसं आहे. सलग नव्वद दिवस."

मी उठलो. खोलीत जाऊन डायरी काढली. निरीक्षकाला डायरीची खोड असते, कुठल्या तारखेला कुठे होतो ते सगळं मी लिहितो. दाखवतोच म्हटलं यांना सलग नव्वद. सलोनीच्या दहावीच्या परीक्षेला घर शांत हवं होतं, तेव्हा वाघोली. सलिल गोव्याला निघाला, तेव्हा इकडे परत. तनयाचे आईवडील गणपतीला आले, तेव्हा वाघोली. तिकडे फर्निचरचं काम निघालं, धायरी. इथे रंग काढला, वाघोली. तीन वर्षांची पानं उलटली. सगळ्यात लांब मुक्काम धायरीतला, अडुसष्ट दिवस.

इतके दिवस मला वाटत होतं, दोन्ही मुलांना माझी ओढ आहे. खोटं कशाला बोलू, डायरी मिटली तेव्हा मला रडू आलं. आणि राग आला तो मुलांचा नाही, त्या नियम लिहिणाऱ्या गाढवाचा. फॉर्म बिनचूक होता. मी त्यावर 'तपासले, बरोबर आहे' असं लिहिलं आणि सही केली.

रविवारी पार्किंगमध्ये सभा भरली. मी यादी वाचायला लागलो. सात पोरांच्या सातला टाळ्या पडल्या. दोनशे तीन, पाच. तीनशे चार, दोन. चारशे दोन, तीन.

"काका," मागून नागोरावचा आवाज आला. "तुमच्या घरात एक मानूस सुटला."

"नाही सुटला. नियमात बसतंय."

"अहो, तुमी हाय ना!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आमोदकडे पाहिलं. तो आपल्या स्कूटरला टेकून मोबाइल बघत होता. मला फक्त एक वाक्य हवं होतं. 'बाबा इथेच राहतात,' बस, एवढंच. त्यासाठी मी त्या क्षणी चौथा नियम फाडून तोंडात कोंबायला तयार होतो. भरसभेत मुलाच्या तोंडाकडे बघत उभं राहायची वेळ माझ्यावर आली होती आणि मला त्याची लाजही वाटत नव्हती.

आमोदने मान वर केली. "चार करा बाबा. उगाच चर्चा नको. निम्मे मी सलिलकडून घेईन."

"मग साडेतीनच लिहितो की," मी म्हटलं.

पार्किंग दणाणून गेलं. खांबेटे म्हणजे खांबेटेच, कुणीतरी म्हणालं. आमोदही हसला. मीही हसलो. पुणेरी माणसाला हीच एक सोय असते. नागोराव तेवढा हसला नाही. त्याला विनोद कळला नसावा असं सगळ्यांनी धरून चाललं.

सभा संपल्यावर मी नीरजाबाईंच्या टेबलाशी गेलो. पाकिटातून दीडशे रुपये काढून ठेवले आणि म्हटलं, "चारशे दोनमधला चौथा. माझे मी भरतोय. पावती माझ्या नावाने करा."

नीरजाबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. एरवी त्या काहीतरी लागट बोलल्या असत्या. आज नाही बोलल्या, आणि तेच जास्त लागलं.

"कॉम्प्युटर फ्लॅटधारकाचंच नाव घेतो हो, खांबेटे," त्या म्हणाल्या. "मी काही करू शकत नाही."

पावती छापून हातात दिली. मी चष्मा पुसून वाचली. 'श्री. आमोद शरच्चंद्र खांबेटे यांजकडून सांडपाणी शुल्कापोटी रुपये दीडशे मिळाले.'

"आहे की माझं नाव," मी म्हटलं. "मधे."