सत्तावीस नंबरची किल्ली

कुणाचं वाईट चिंतू नये, असं आई म्हणायची. मी सहा वर्षं रोज चिंतलं. सकाळी शीवहून परळला जाताना चिंतलं, हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये फायली लावताना चिंतलं, जेवताना तर हमखास. माणसाचं नाव हितेंद्र. लहानपणी तो आमच्याच घरात जेवायचा, त्यामुळे जेवताना त्याची आठवण काढावी लागत नसे, आपोआप यायची.

लालबागच्या नारणदास चाळीत दुसऱ्या मजल्यावर आमची खोली नंबर सत्तावीस, आणि एक खोली सोडून कोंडीरामकाकांची एकोणतीस. हितेंद्र त्यांचा मुलगा. माझे बाबा आणि कोंडीरामकाका एकाच गिरणीत, एकाच खात्यात. हितूची आई लवकर गेली, तेव्हा माझ्या आईनं, रमाबाईनं, त्याला आमच्या पंगतीला ओढून घेतलं. माझ्या ताटातला बांगडा त्याच्या ताटात गेला म्हणून मी ओरडले, तर आईनं मलाच दटावलं.

पुढे हितू बिल्डरच्या कचेरीत शिरला. चाळीच्या जागी टॉवर आणायचा, त्यासाठी भाडेकरूंच्या सह्या जमवायच्या, सरकारी कागद पुढे सरकवायचे, हे त्याचं काम. आपल्याच चाळीतला मुलगा म्हणून लोकांनी विश्वास टाकला. सगळ्यात आधी आईनं टाकला.

आमची निम्मी चाळ एकाच गावची, संगमेश्वरच्या वरच्या अंगाची. शिमग्यात देवाची पालखी गावात घरोघर फिरते. ती दारात येते त्या दिवशी घर बंद ठेवायची हिंमत कुणात नाही. नोकरी जाईल, पण माणूस गावाला जाईल. सहा वर्षांपूर्वी आई अशीच निघाली. मी लग्न होऊन शीवला, बाबा कधीच गेलेले, खोलीत ती एकटीच. जाताना ती हितूला म्हणाली, "चार दिवस नाही मी. खोलीवर लक्ष ठेव रे."

त्यानं लक्ष ठेवलं. त्याच चार दिवसांत त्यानं चाळीचा सर्व्हे लावून घेतला. जो खोलीत हजर त्याचं नाव यादीत, आणि यादीतल्याला नव्या इमारतीत घर. बाकीच्या घरांतून कुणी ना कुणी मुंबईत मागे राहिलेलं होतं, त्यांचं निभावलं. सत्तावीसपुढे लिहिलं गेलं, ‘बंद. ताबा नाही.’ आई परत आली तेव्हा दाराचा कोयंडा उचकटलेला, नवा बसवलेला, त्याला नवं कुलूप. थोड्याच दिवसांत यादीत नाव चढलं ते प्रितीचं. प्रिती म्हणजे हितूची बायको.

"काकी, टेक्निकल मिस्टेक आहे. मी करतो ना करेक्ट," तो म्हणायचा. दोन वर्षं म्हणत राहिला. दोन वर्षं आई माझ्याकडे राहून भाड्याच्या पावत्यांची पिशवी घेऊन कचेऱ्यांचे जिने चढत राहिली. मग माझ्याच घरी, हॉलमधल्या दिवाणावर ती वारली. माझं घर तिला शेवटपर्यंत जावयाचं घर वाटलं. जुन्या कुलपाची किल्ली तिनं कमरेला बांधलेली असायची. शेवटची आंघोळ घालताना ती मी सोडवली, आणि तेव्हाच ठरवलं की या माणसाला सोडायचं नाही.

मी वाट बघत बसले. बिल्डर लोकांच्या बाबतीत फार वाट बघावी लागत नाही, कारण त्यांचं मन थाऱ्यावर नसतं. आधी पत्रकावर साठ मजले होते, खिडकीतून समुद्र दिसणारे फ्लॅट, आणि फ्लॅटमध्ये एक गोरी बाई हातात पेला घेऊन उभी. दोन वर्षांनी बाई गेली आणि काचेचं ऑफिस आलं. यंदा ऑफिसही मागे सरकलं आणि पुढे हॉटेल आलं. हितूनं चाळीच्या चौकात सभा घेऊन समजावलं, "मार्केट बदललंय काका. नुसत्या फ्लॅटमध्ये दम नाही. रस्त्याला हॉटेल, मधे ऑफिस, मागे आपण."

"मागं म्हंजे कुठं?" कोंडीरामकाकांनी, त्याच्याच बापानं विचारलं.

नकाशात बघितलं तर मागे म्हणजे हॉटेलच्या मुदपाकखान्याच्या धुराड्याला आणि सात मजली पार्किंगला खेटून. लोक कुरकुरले, पण घर मिळतंय म्हणून गप्प बसले.

प्लॅन बदलला की संमती नव्यानं लागते. चौसष्ट खोल्या, त्यातल्या तेहतीस तरी हजर हव्यात. एकच दिवस, एकच सरकारी अधिकारी, आणि नियम कडक: खोली उघडी, मूळ कागद समोर आणि घरातलं सज्ञान माणूस उभं, तरच खोली हजर. कर्ज देणाऱ्यांनी महिनाअखेरची मुदत घातली होती. ती चुकली की पैसा जाणार, पैशामागे बिल्डर जाणार, आणि हितूनं सहा वर्षं ज्यासाठी तळवे चाटले ते सगळं जाणार.

त्यानं कॅलेंडर बघून शनिवार ठरवला. होळी होऊन दहा दिवस झालेले, त्याच्या लेखी शिमगा संपला. बारा वर्षं गावाला न गेलेल्या माणसाचा शिमगा कॅलेंडरच्या लाल चौकोनात मावतो. पालखी कुठल्या वाडीत कोणत्या दिवशी, हे गावचे मानकरी बसून ठरवतात आणि मग मुंबईला फोन करतात, हे तो विसरला. मागच्या वेळी तारीख त्याला आईनं आपल्या तोंडानं सांगितली होती. या वेळी सांगायला आई नव्हती.

मानकऱ्यांतले एक म्हणजे आईचे चुलतभाऊ, गंगाधरमामा. मी फोन लावला. "मामा, आपल्या वाडीत पालखी कधी?"

"उद्या बसू तवा ठरंल."

"शनिवारी येईल का?"

मामा म्हणाले, "त्या दिवशी तुझी आय माझ्या पडवीत नारळ सोलीत बसलेली. आनी तिकडं तिचा कोयंडा काढला." मग म्हणाले, "शनिवार मुंबईकरांना बी बरा पडतो."

मानकऱ्यांच्या बैठकीत काय झालं, मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी चाळीत घरोघर फोन वाजले आणि बॅगा माळ्यावरून खाली आल्या.

बुधवारी कोंडीरामकाका डोळ्यांत औषध घालून घ्यायला हॉस्पिटलात आले. जाताना माझ्या खिडकीशी थांबले. सहा वर्षांत पहिल्यांदाच. "रमावैनीची किल्ली हाय का गो तुझ्याकडं?"

"आहे."

"शनिवारी चाळीत येशील तवा संगती असूंदे." आणि भिंतीचा आधार घेत निघून गेले. मला काही कळलं नाही, पण किल्ली मी पर्समध्ये टाकली.

गुरुवारी दुपारी कँटीनमध्ये हितू माझ्यासमोर येऊन बसला. शर्ट घामानं चिकटलेला. एवढं समाधान मला पगारवाढीनं झालं नव्हतं.

"अनुजाताई, मामाला सांग ना, दोन दिवस पुढे ढकल म्हणावं. सगळी पब्लिक गावाला चाललीय. माझं सगळं लागलंय गं यात."

"आईचंही सगळं लागलं होतं."

"सत्तावीस देतो परत. आईशप्पथ."

"कुणाच्या आईची?" मी विचारलं. मी पिशवीतून कोरा कागद काढला. "लिही. सर्व्हेच्या दिवशी रमाबाई गावाला गेल्या होत्या, खोली त्यांच्याच ताब्यात होती, आणि हे मला माहीत होतं. खाली सही. मग लावते फोन."

तो कागदाकडे बघत राहिला. नंतर निस्तरू, असं त्याच्या तोंडावर वाचता येत होतं. त्यानं लिहिलं, सही केली. मी घडी घालून कागद ठेवला आणि त्याच्यासमोर, स्पीकरवर, फोन लावला.

"मामा, पालखी दोन दिवस पुढे ढकलता येईल का?"

"न्हाय गो बाय. देव कालच खालच्या वाडीत येऊन बसलाय. आता आपलीच पाळी. दोन दिवस देवाला रस्त्यात ठेवू काय?"

हे मला आदल्या दिवशीच माहीत होतं. मी फोन लावते म्हटलं होतं, लावला. हितू ज्या नजरेनं माझ्याकडे बघत उठला, ती नजर आईला बघायला मिळायला हवी होती.

शनिवारी चौकात मांडव, टेबल, पंखा. मी रजा टाकून एका खुर्चीवर बसले होते. वरच्या गॅलरीत दाराआड दार कुलूपबंद. अधिकारी खोलीचा नंबर पुकारत आणि उत्तर आलं नाही की आपल्या वळणदार अक्षरात ‘बंद’ लिहीत. तो शब्द लिहिला जाताना मी प्रत्येक वेळी बघत होते.

तरी हितू कमी नव्हता. दोन दिवसांत त्यानं दारोदार पाया पडून कुणाचा जावई, कुणाची कॉलेजातली मुलगी मागे ठेवायला लावली होती. आकडा चढत होता. सत्तावीस पुकारल्यावर प्रिती फाइल घेऊन उठली. मी उठून हितूच्या हातचा कागद टेबलावर ठेवला. अधिकाऱ्यांनी तो दोनदा वाचला, हितूकडे बघितलं, सत्तावीसपुढे ‘वाद’ लिहिलं आणि प्रितीला बसायला सांगितलं.

सगळे नंबर झाले. हजर बत्तीस.

"एकोणतीस राहिलीय साहेब," हितू म्हणाला. त्याच्या आवाजात पुन्हा जान आली होती. "घरचीच आहे, म्हणून शेवटी ठेवली. कागद वर ट्रंकेत आहेत. बाबा असतील, नसले तर मी मुलगा आहेच." तो दोन-दोन पायऱ्या चढत गेला. अधिकारी मागून निघाले, त्यांच्यामागे मी.

एकोणतीसला कुलूप होतं. बाबा गावाला गेले होते, मुलाला न सांगता.

हितू कधीच वेगळा राहायला गेला होता, तरी घराची एक किल्ली त्याच्याकडे असे; ती त्यानं खिशातून काढली. ती लागेना. तो वाकला आणि तसाच राहिला. पितळेचं जुनं कुलूप, दाबलं की लागणारं, उघडायला मात्र किल्लीच हवी. त्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका. आठवीत असताना तो मीच लावला होता, आईला अंधारात बाजू कळावी म्हणून. कोयंडा उचकटला तेव्हा कुलूप शाबूत राहिलं असणार, आणि परतल्यावर आईनं ते किल्लीनं सोडवून तिथंच टाकलं असणार. ते कोंडीरामकाकांनी सहा वर्षं जपून ठेवलं होतं.

"तोडतो साहेब. आपलंच घर आहे."

"तोडून उघडलेली खोली मी उघडी धरत नाही," अधिकारी म्हणाले. "किल्ली असेल तर उघडा. पाच मिनिटं देतो."

हितू माझ्याकडे वळला. त्याला सगळं कळलं होतं. "ताई, किल्ली दे." मग हलक्या आवाजात, लहानपणी पोळी मागायचा तसा, "दे ना गं."

माझा हात पर्सवर होता. दया आली, खोटं कशाला सांगू. आणि ती आली म्हणून राग आणखी चढला.

"मी कोण देणार?" मी म्हटलं. "माझं नाव यादीत कुठंय?"

अधिकाऱ्यांनी घड्याळ बघितलं, पाच मिनिटं पुरी होऊ दिली आणि तिथंच कठड्यावर वही टेकवून एकोणतीसपुढे ‘बंद’ लिहिलं.

आता बिल्डर गेलाय. हितू कुठे असतो ते मी विचारत नाही. सत्तावीस अजून वादातच आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या जाईबाईंना म्हातारपणी नवी लिफ्ट हवी होती. त्या भेटल्या की विचारतात, घर कधी गं होणार आमचं, आणि मी घाईनं पुढे सरकते. आई असती तर तिनं मलाच दटावलं असतं, हेही मला माहीत आहे. त्या दिवशी मी पर्सची चेन लावली आणि जिना उतरले. हितू वर कुलूप हातात धरून उभा होता.