चौथ्या तारेचा धागा

माघातली सकाळ होती. गच्चीवर तंबोऱ्यांचे भोपळे वाळत घातले होते, भीमेकाठावरून आणलेले, मोठाल्या पोटांचे, मधाच्या रंगाचे. आणि ऊन एकेका भोपळ्यावर हात ठेवत पुढं सरकत होतं. खाली खोलीत, खिडकीपाशी, तंबोरा मांडीवर उभा धरून अनसूया बसली होती. पाठ भिंतीला, गाल दांडीला, डोळे मिटलेले. त्या सकाळी ती गेली. खिडकीतला कवडसा तंबोऱ्याच्या दांडीवरून पोटावर उतरेपर्यंत मला ते कळलं नाही.

मी तिच्यासमोरच होतो. हातभर अंतरावर.

मी मिरजेत तंबोरे करतो. तंबोऱ्याच्या तारा ज्या छोट्या पाटीवर टेकतात तिला आम्ही घोडी म्हणतो. तार बाजूला सारायची, घोडीवर कानस फिरवायची, केसभर, फुंकर मारायची, तार परत चढवायची. मग तारेखाली सुताचा एक धागा घालायचा आणि तो हळूहळू सरकवत न्यायचा. एका जागी तार उमलते. आत्तापर्यंत ठणठणणारी तार गुंजायला लागते. एका स्वरातून दुसरा निघतो, दुसऱ्यातून तिसरा, पाण्यातून पाणी निघावं तसा. जवारी लागली, असं आम्ही म्हणतो. ती जागा डोळ्याला दिसत नाही. ती ऐकावी लागते, आणि ऐकता ऐकता ऐकणाऱ्यानं नाहीसं व्हावं लागतं.

आमच्या घरात ऐकायचं काम अनसूयेचं.

ती जतकडची, जोंधळ्याच्या रानातली, वाऱ्याच्या आवाजात वाढलेली. लग्न होऊन आली तेव्हा तिनं माझ्या आईला विचारलं होतं की या घरात भिंतीतसुद्धा मधमाश्या आहेत का. वर्षभरात ती माझ्यासमोर बसायला लागली. ती तार छेडायची, मी धागा सरकवायचो, आणि नेमक्या जागी तिचं डाव्या हाताचं एक बोट वर व्हायचं. एवढंच. बोलणं नाही. माझ्या कानाला जी जागा चार वेळा मागं-पुढं केल्यावर सापडायची, ती तिच्या बोटाला आधी कळायची.

धागाही तिचाच. रिळाच्या दोऱ्याला पीळ फार असतो म्हणायची. जुन्या लुगड्याच्या काठातून एक सूत ओढायची, बोटाला गुंडाळून ठेवायची, लागेल तेव्हा द्यायची.

एकदा चुलीवर आमटी होती आणि आम्ही दोघं एका जोडाच्या, म्हणजे मधल्या, तारेपाशी होतो. आमटी आटली, करपली, पातेलं लाल झालं. वास घेत शेजारणी आल्या. आईनं पातेलं उतरवलं आणि त्यांना सांगितलं, घर पेटलं तरी ही दोघं आधी तार लावतील, मग पाण्याला धावतील. आळीत पुष्कळ दिवस हे सांगून हसायचे. अनसूयाही हसायची, पदर तोंडाला लावून, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पातेलं करपायचं.

पण एका सकाळी मी ओरडलो. दूध उतू जात होतं, ती डोळे मिटून बसली होती, आणि मी तिच्या नावानं मोठी हाक मारली. ती दचकली. झोपेतून उचलून नदीत टाकलेल्या पोरासारखी दचकली. छातीवर हात ठेवून बसून राहिली, आणि दुपारपर्यंत तिचे डोळे भरून येत होते. त्या दिवशी मी घरात नियम केला. ऐकत असलेल्या माणसाला हाक मारायची नाही. ज्याचा तो परत येईल.

तीस वर्षं हा नियम आम्ही पाळला. तो माझा नियम होता.

मी एकदा तिला विचारलं होतं, "कुठं जातीस गं?"

ती धागा गुंडाळत होती. म्हणाली, "जात न्हाई हो. तवाच तेवढी हितं असते. येरवी जाते. बाजारात जाते, लेकीच्या काळजीत जाते, उद्याच्या भाजीत जाते. तार वाजली की घरी येते."

त्या माघातल्या सकाळी तीन तारा झाल्या होत्या. पंचमाला तिचं बोट लगेच वर झालं. मधल्या दोन जोडाच्या तारांनी थोडा वेळ घेतला, पण त्याही उमलल्या. राहिला खर्ज. चौथी तार, पितळेची, जाड, सगळ्यांत खालच्या स्वराची. मी तिच्याखाली कानस फिरवली. फुंकर मारली. तार चढवली. आणि अनसूयेच्या हाताची वाट पाहिली.

हात आला नाही. मी वर पाहिलं. ओठ जरासे सैल होते, गाल दांडीला होता. मागच्या तारा अजून तिच्या कानात असतील, असं मला वाटलं. आज खोल उतरलीय, म्हटलं, उतरू दे. मी मान खाली घातली. मलाही त्या तीन तारा ऐकू येत होत्या, विझलेल्या असूनही ऐकू येत होत्या. खोलीभर ऊन होतं. लाकडाचा भुसा उन्हात तरंगत होता. खरं सांगायचं तर त्या वेळात मी सुखात होतो.

माझी बहीण शकू कपबशा न्यायला आली. "दादा, वहिनीचा चहा तसाच आहे," ती म्हणाली. चहावर साय धरली होती. शकूनं तिच्या खांद्याला हात लावला.

कवडसा तंबोऱ्याच्या पोटावर उतरला होता.

डॉक्टर म्हणाले, एका क्षणाचं काम होतं, हाक मारून काही झालं नसतं. शकू मला ते रोज सांगते. मी मान हलवतो. अनसूयेच्या बोटाला सुताचा धागा गुंडाळलेला होता. खर्जासाठी काढलेला. शकूनं तो सोडवला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

तंबोरा कोल्हापूरच्या हेमांगीताई सबनिसांचा आहे. त्या मुलींना गाणं शिकवतात. महिन्यानं आल्या, खाली बसल्या, तारा छेडल्या. तीन तारा फुलल्या, चौथी नुसती ठणकली. दुसऱ्या कारागिराकडून एवढी एक तार लावून घ्या, असं मीच म्हणालो. त्यांनी न्यायला म्हणून तंबोऱ्यावर कापडी गवसणी चढवली नाही. "हा तुमच्या दोघांचा आहे," म्हणाल्या, "तुम्हीच लावा. मी थांबते."

मी बसतो. रोज सकाळी, कवडसा दांडीवर असताना. पण तार मला ओढून घेऊ लागली की मी दचकतो, मान वर करतो, समोरच्या भिंतीकडे बघतो. नाहीसं व्हायला धीर होत नाही. आता हाक न मारता थांबणारं कोणी नाही.

काल शकू अनसूयेच्या जागी येऊन बसली. मला त्यातलं काही कळत नाही, पण तार तरी छेडते, म्हणाली. पिंजाऱ्यानं कापूस पिंजावा तशी छेडत होती. मी हसलो. तीही हसली. मग तिनं जरा हळू छेडली, आणि एकदा, एवढ्याशा वेळापुरता, मी भिंतीकडे बघायचं विसरलो.

आता वैशाख आहे. गच्चीवरचे भोपळे वाळले, उतरवले, आत ओळीनं मांडले. पंचम लागला आहे. दोन्ही जोड लागले आहेत. धागा मी चौथ्या खुंटीला बांधून ठेवला आहे. तारेखाली तो अजून घातलेला नाही.