पुलावरचं घड्याळ

माझ्या मुलीला जुळं झालं त्या वर्षाची ही गोष्ट. मी तेव्हा एकसष्ट वर्षांची होते आणि वाचायला येऊ लागून मला तीन वर्षं झाली होती.

त्याआधी तीस वर्षं मी बाइंडिंगच्या कारखान्यात फर्मे जुळवले. छापलेल्या मोठ्या कागदाला घड्या घातल्या की फर्मा होतो. प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर एक काळी खूण असते. फर्मे एकावर एक ठेवल्यावर त्या खुणा जिन्यासारख्या उतरत आल्या पाहिजेत. पायरी चुकली की पुस्तक चुकलं. या कामाला अक्षर लागत नाही. हजारो पुस्तकं माझ्या हातून गेली, आत काय आहे ते मला ठाऊक नव्हतं.

अक्षरं शिकवली भाचीने, माझ्या धाकट्या भावाच्या मुलीने. तिला घरात सगळे भिंगरी म्हणत, कारण तिचा पाय ठरत नसे. मला जोडाक्षरं येऊ लागली आणि ही पाठीवर पिशवी टाकून एकटीच जग बघायला निघाली. दर रविवारी पेपरच्या पुरवणीत तिचा लेख येई.

भाऊ घड्याळं दुरुस्त करायचा. मुलगी एकटी निघाली म्हणून त्याने तिच्याशी अबोला धरला, त्याला दोन वर्षं झाली होती. भावजय गेल्यापासून मी त्याच्याकडेच राहत होते. त्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं, हृदय थकलंय, फार दिवस धरून चालू नका.

"भिंगरीला कळवू?" मी विचारलं.

"कळवलंस तर तुझ्याशीही बोलणं बंद."

"मग बोलणार कुणाशी, भिंतीवरच्या घड्याळांशी?"

"ती निदान वेळेवर बोलतात," तो म्हणाला.

रविवारी सकाळी दुकानाच्या फळीवर बसून मी तिचा लेख मोठ्याने वाचायची. तो डोळ्याला भिंग लावून, मान खाली घालून काम करायचा. पण मी अडखळले की त्याचा चिमटाही थांबायचा. तिने एकदा लिहिलं होतं : 'खोली मागितली की लोक आधी माझ्या पाठीमागे बघतात, सोबत कोण आहे म्हणून. पाठीमागे दार असतं.' भाऊ नाकातून हसला आणि शिंक आल्यासारखं केलं. मोठमोठ्या देशांच्या बैठकींबद्दलही ती लिही. तिचं म्हणणं, ही भांडणं भाऊबंदकीसारखीच. बोलणी कोण आधी सुरू करणार यावरच वर्षं जातात. ते वाक्य मी दोनदा वाचलं.

"एकदा ऐकू आलं," भाऊ म्हणाला.

एका रविवारी पहिल्या पानावर बातमी होती. दोन देशांमधल्या एका पुलावर गोळीबार झाला होता, दोन्हीकडचे रस्ते बंद होते. पुरवणी उघडली तर भिंगरीचा लेख त्याच पुलावरचा. 'मी पुलाच्या टोकाशी चहा घेत बसले आहे. समोर दोन्हीकडचे शिपाई एकाच काडेपेटीतून विड्या पेटवत आहेत. चौकीवरचं घड्याळ सात मिनिटं मागे आहे, ते कुणीच लावत नाही.'

'बसले आहे' असं छापलं होतं. पेपरच्या ऑफिसला फोन लावला, लागेना. भावाने भिंग उतरवलं, पायात चपला सरकवल्या. दुकान उघडं टाकून तो निघाला आणि मी मागे. जिना चढायची त्याला बंदी होती. पेपरचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. दोनदा कठडा धरून उभा राहिला, पण थांबला नाही.

पुरवणी बघणाऱ्या बाईंनी आमचं ऐकून घेतलं. "अहो, हा लेख तीन आठवड्यांपूर्वीचा. आम्ही जागा होईल तसा छापतो. ती केव्हाच तिथून निघाली. काल मजकूर आलाय तिचा, दुसऱ्याच देशातून."

मी खाली बघितलं. पुढच्या वर्षाची कॅलेंडरं मी स्वतः पावसाळ्यात जुळवलेली बाई. छापलेलं आणि घडत असलेलं यात किती अंतर असतं ते मला नाही तर कुणाला कळायचं?

बाईंनी तिच्या मुक्कामाचा नंबर फिरवला आणि रिसीव्हर भावापुढे धरला. मला वाटलं, माझ्याकडे देईल. त्याने घेतला.

"ते पुलावरचं घड्याळ," तो म्हणाला, "ते लंबकाचं होतं का?"

पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. "बाबा? तुम्ही वाचता माझं?"

"मी कशाला वाचू? तुझी आत्या वाचते. मी काय कानात बोळे घालू? लंबकाचं होतं का ते सांग."

"हो, होतं."

"मग त्याचा लंबक वर घ्यायला हवा. खाली एक चाकी असते, ती फिरवायची. एवढं त्या शिपायांना सांगता आलं नाही? जगाला शहाणपण शिकवायला निघालीय."

"तुम्ही शिकवलं असतं तर सांगितलं असतं."

त्याने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाला, "ये तर. शिकवतो."

परतताना तो प्रत्येक पायरीवर थांबला. "तिला तब्येतीचं काही बोलायचं नाही," त्याने बजावलं. मी हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी पुरवणीच्या बाईंकडून पत्ता घेऊन तिला पत्र लिहिलं. माझ्या हातचं पहिलं पत्र, चार ओळींचं. त्याने अबोला धरला असता तरी चाललं असतं.

ती नवव्या दिवशी आली. सात आठवडे राहिली. दोघं दुकानात दिवसभर भांडायची, कुठल्या देशाचं चुकलं यावर. ती बोलता बोलता लंबक लावायला शिकली. माझं पत्र तिच्या पिशवीत त्याला दिसलं होतं. मला एवढंच म्हणाला, "ताई, 'प्रकृती'तला 'प्र' उलटा काढलायस."

माझा भाऊ त्याच वर्षी, तो सातवा आठवडा संपताना, अकरा डिसेंबरला, मंगळवारी सकाळी, दुकानात खुर्चीवर बसल्या बसल्या वारला. भिंगरी समोर बसली होती.