शिंपीणबाईंच्या मेंदूतला रस

मित्रांनो, मी वेदना शमवणारा एक जुना रस आहे. मला बाटली नाही, झाकण नाही. एका शिंपीणबाईंच्या मेंदूत मी तयार होतो.

त्यांच्या लहानपणापासून मी कामावर आहे. बाळंतपणात तर मला उसंत नव्हती. मशीनची सुई बोटात घुसली तरी बाई बोट चोखून पुन्हा पायडल मारत. लोक म्हणत, बाई सोशीक आहेत. त्या कौतुकात थोडा वाटा माझाही होता.

मग बाई जिन्यावरून पडल्या आणि पाठीचं हाड मोडलं. डॉक्टरांनी अफूच्या जातीच्या गोळ्या दिल्या. तेव्हा त्या हव्याच होत्या. ते दुखणं मला एकट्याला झेपणारं नव्हतं. पण हाड जुळलं तरी गोळ्या सुटल्या नाहीत. मेंदूतल्या ज्या दारांवर मी थाप मारतो, त्याच दारांवर त्या धडका देत. हळूहळू दारांना माझी थाप ऐकूच येईना.

बाईंच्या नवऱ्याला काळजी वाटली. एका सकाळी त्याने सगळ्या गोळ्या मोरीत ओतून दिल्या. पुढे बाईंना शिंका, शहारे, पोटात मुरडा, पायांत कळा सुरू झाल्या. मी धावलो, पण माझं कोण ऐकतंय! नणंद म्हणाली, ही नाटकं आहेत. नवरा पाय चेपत बसला.

"अहो, शिवण कधी हिसडून उसवतात का?" बाई कण्हत म्हणाल्या. "कापडच फाटतं. एकेक टाका कापायचा असतो."

तो त्यांना दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी गोळी पुन्हा सुरू केली आणि थोडी थोडी कमी करत नेली. गोळी कमी झाली की बाई रडवेल्या होत, जास्तीची मागत.

एकदा नवरा शर्टाला बटण लावत होता. त्याने पुढची आणि मागची बाजू एकत्रच शिवली, आणि तसाच त्यात डोकं घालू लागला.

"आता त्यात कापूस भरा," बाई म्हणाल्या, "उशी तरी होईल." आणि खूप दिवसांनी हसल्या.

त्या हसण्यात मी थोडासा पाझरलो. एका दाराने माझी थाप ऐकली. पाठ दुखतच होती, पण त्या दुपारी बाईंनी जास्तीची गोळी मागितली नाही.

मित्रांनो, अशा गोळ्या सोडणारं माणूस तुमच्या घरात असेल, तर त्याला टोचून बोलू नका. गोळ्या हिसकावू नका, डॉक्टरांना विचारा. त्याच्या आत माझ्यासारखा कोणीतरी पुन्हा कामाला लागत असतो. त्याला वेळ लागतो. तेवढा वेळ त्या माणसाजवळ बसा.